देवाशी बोलता ते ठीक, पण काय बोलता?

परीक्षेच्या आदल्या रात्री दोन पोरं देवापुढे बसलीयेत असं समजा. एक म्हणतो, जमेल तेवढं वाचलंय, आता तू फक्त सोबत रहा. दुसरा म्हणतो, माझं नेमकं काय चुकलं म्हणून मलाच शिक्षा देतोयस? बाहेरून बघाल तर दोघंही सारखेच भाविक. पण मनाच्या तब्येतीच्या दृष्टीने दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक मोजायचा कसा, यावर अमेरिकेतल्या केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय. त्याआधी 'प्रार्थना किती वेळा करता' छाप प्रश्नांवरच जोर असायचा, त्यातून फार काही हाती लागत नाही. पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक छोटी प्रश्नावली मांडली, १४ वाक्यं, त्यातली ७ पॉझिटिव्ह आणि ७ निगेटिव्ह. संकटात मी देवाचा आधार शोधला, त्याच्या साथीने मार्ग काढायचा प्रयत्न केला, ही पहिल्या बाजूची. देवाने मला टाकलंय का, हा माझ्या कमी भक्तीचा दंड आहे का, ही दुसऱ्या बाजूची. ज्यांच्यावर ती तपासली त्यांत १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी शहरात झालेल्या बॉम्बस्फोटाच्या जागेजवळच्या चर्चमधले लोक होते, आजारी वृद्ध होते आणि कॉलेजचे विद्यार्थीही होते.

पुढे २००५ मध्ये अशा ४९ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला आणि चित्र बऱ्यापैकी तेच निघालं, आधार शोधणारे तुलनेने बरे सावरलेले आणि 'देव माझ्यावर रुसलाय' वाले जास्त त्रासात.

आता यात रेझिलियन्स कुठे येतो? रेझिलियन्स म्हणजे पडल्यावर परत उभं राहायची ताकद, आपला साधा चिवटपणा. अंदाज असा की श्रद्धा थेट टेन्शन घालवत नाही, ती घडलेल्या गोष्टीला काहीतरी अर्थ देते, सोबतीला माणसं देते, त्यातून चिवटपणा वाढतो आणि मग चिंता उतरते. मात्र 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणून पुस्तकच न उघडणं यात बसत नाही हां! सगळं देवावर ढकलणं आणि देवासोबत हातपाय हलवणं, या दोन वेगळ्या पद्धती पार्गमेंटने १९८८ मध्येच सांगितल्यात.

अर्थात इथे एक मोठी गोची आहे. बरेचसे सर्व्हे एकदाच फॉर्म भरून घेतात, त्यामुळे देवाने सोडलं असं वाटल्याने डिप्रेशन आलं की डिप्रेशनमुळे तसं वाटायला लागलं हे त्यातून कळतच नाही, माझ्या मते दोन्ही चालत असणार, एक दुसऱ्याला खेचत.

आणि मनाचा त्रास ही काही मूठभर पोरांची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ८ देशांतल्या १९ कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या जवळपास १४ हजार विद्यार्थ्यांचा सर्व्हे झाला, २०१८ मध्ये तो छापून आला, त्यात साधारण ३५ टक्के मुलांमध्ये आयुष्यात कधी ना कधी एखाद्या मानसिक विकाराची लक्षणं दिसली.

म्हणून मला त्या दुसऱ्या पोराची जास्त काळजी वाटते. त्याला 'असं बोलू नये, पाप लागतं' म्हणून गप्प केलं की तो देवाशीही बोलायचा थांबतो आणि माणसांशीही. काउन्सेलरने झोप, जेवण, अभ्यास विचारून झाल्यावर, देवाबद्दल सध्या काय वाटतंय, एवढंच विचारावं आणि मग मध्ये न बोलता ऐकावं.