घटपर्णीला माती नको

नर्सरीतून आणताना घटपर्णीला, म्हणजे किडे खाणाऱ्या त्या झाडाला, किडे पकडायच्या सात-आठ सुरया लटकत असतात, तीन महिन्यांनी एकही राहत नाही, नुसती पानं. मग आपण म्हणतो इथली हवाच तिला सूट होत नाही. माझंही असंच झालं होतं, फक्त माझ्याकडे गुन्हेगार घरातलेच निघाले. आमच्याकडे डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत कधी जात नाही, आई ते सगळ्या कुंड्यांना वाटून घालते आणि मोगरा, कढीपत्ता त्यावर मस्त माजलेत. घटपर्णीलाही तेच मिळत होतं, वर मी स्वतः कुंडी बदलताना लाल माती आणि दोन मुठी गांडूळखत घातलेलं, त्यामुळे एकट्या आईला दोष देऊन चालणार नाही.

मी खत बंद केलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, उपाशी मारतोस का काय तिला?"

तर ती उपाशी राहते त्यातच सगळी गंमत आहे. घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस, ही मुळात बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सकडची, आणि तिथेही ती राहते कुठे, तर जिथे बाकीच्या झाडांचं पोट भरत नाही तिथे. दलदलीत, झाडांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर, उघड्या कड्यांवर. बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावर नेपेंथिस राजा नावाची जात आहे, तिच्या सुरईत तीन लिटरच्या वर पाणी मावू शकतं, आणि ती ज्या जमिनीत उगवते तिच्यात निकेलसारखे धातू भरपूर आणि झाडाला लागणारं अन्न अगदी कमी. आपल्या देशात एकच जात सापडते, नेपेंथिस खासियाना, मेघालयात. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. महाराष्ट्रात जंगली घटपर्णी नाही, पण हाच हिशेब बघायचा असेल तर पावसाळ्यात कासच्या पठारावर जा, जांभ्यावरच्या पातळशा मातीत सीतेची आसवं आणि दवबिंदू ही दोन्ही रोपं दिसतील आणि दोघीही किडे खाऊन जगतात. मातीत नायट्रोजन नाही म्हणून तो हवेतून उडत येणाऱ्या माशीकडून वसूल करायचा, एवढंच.

आणि सुरई हे फूल नाही हं, ते पानच आहे, टोकाला फुगून पेला झालेलं. आता हा पेला बनवणं झाडाला महागात पडतं, कारण पानाच्या हिरव्या पात्याइतकं अन्न काही तो बनवत नाही. मुळाशी नायट्रोजन आयता मिळाला की झाड म्हणतं कशाला खर्च करू, आणि नुसती पानं काढत बसतं. खत जास्तच झालं तर त्यातल्या क्षारांनी मुळं जळतात ते वेगळं. (सुरया न येण्याला कमी उजेड आणि कोरडी हवा हीसुद्धा कारणं असतात, सगळं खतावर ढकलू नका.)

मी ते झाड उपटलं तेव्हा मुळं बघून आधी वाटलं मेलंच. काळी, केसासारखी बारीक, बोट लागलं की तुटणारी. नंतर कळलं की घटपर्णीची तब्येतीतली मुळंसुद्धा काळीच असतात, आणि तिथेच मला कुंडीत मातीऐवजी काय मिश्रण भरायचं त्याचं कोडं सुटलं. या मुळांना मिश्रणातून जेवण नकोय, त्यांना हवा पाहिजे. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू सरकतो, म्हणजे मातीतल्या फटी पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरलीच, आणि उन्हाळ्यात तर डबल मार, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि मुळांना मात्र जास्त लागतो.

मग लोक कुंडीच्या तळाशी खडीचा थर देतात, निचरा व्हावा म्हणून. उपयोग शून्य. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, थेंब पडायचे थांबले की तोच उभा करा, परत धार लागेल. म्हणजे आडव्या स्पंजात तळाशी पाणी अडकून बसलेलंच होतं. बारीक माती तसंच पाणी धरून ठेवते, आणि खाली खडी टाकली की तो ओला थर आणखी वर, मुळांच्या जवळ येतो. उपाय एकच, अख्खं मिश्रणच जाडंभरडं करायचं.

माझं आता असं आहे: दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग स्फॅग्नम मॉस, एक भाग परलाइट आणि मूठभर लोणारी कोळसा. स्फॅग्नम हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसेक पट पाणी पिऊनसुद्धा भुसभुशीत राहतं. महाग आहे, म्हणून एकच भाग. परलाइट म्हणजे ज्वालामुखीच्या काचेच्या लाह्या, खडक तापवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुलतो. तो आधी पाण्यानं ओला करा, धूळ नाकात जाते.

नारळाचं मात्र सांभाळून. सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात आणि नारळाच्या काथ्यात मुळातच पोटॅशियम, सोडियम बरंच असतं, त्यामुळे न धुता वापरलं तर खतच घातल्यासारखं. मी बादलीत रात्रभर भिजवतो, सकाळी चहासारखं लाल पाणी फेकतो, परत भिजवतो, असं चार-पाच वेळा, शेवटी टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवतो) बुडवून बघतो. ज्या पाण्याने धुतलं त्याच्या जवळपास आकडा आला की बास.

रोजचं पाणीपण तसंच, पन्नासच्या आत टीडीएस असलेलं उत्तम, शंभरपर्यंत चालवून घेते. बोअरचं, ज्यानं बादलीला पांढरा थर बसतो ते नकोच. पावसाचं साठवा, नाहीतर आरओचं गाळून आलेलं द्या, पण आरओतून बाहेर टाकलं जातं ते नाही, त्यात तर सगळे क्षार एकवटलेले असतात.

कुंडी बदलल्यावर जुन्या पानांकडे आशेनं बघू नका, ज्याचं टोक एकदा वाळलं त्याला सुरई कधीच येत नाही. नवीन पानाची वाट बघायची. माझ्या झाडाला तिसऱ्या नव्या पानावर आली, आधी टोकाला राईएवढी गाठ, मग ती वर वळली, फुगली, झाकण अजून चिकटलेलंच होतं आणि उजेडासमोर धरली तर आत चमचाभर पाणी हलताना दिसलं. ते पाणी बाहेरचं नव्हतं, झाडानंच आत तयार केलेलं, पचनासाठी. झाकण उघडलं त्याच दिवशी एक मुंगी काठावर फिरत होती. काठ कोरडा होता, ती मध चाटून निघून गेली. संध्याकाळी मी फवारा मारला, ओल्या काठावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि पाय टिकत नाहीत, दुसऱ्या दिवशी आत तीन मुंग्या.

आईनं बघितलं आणि म्हणाली, "मग हिला तांदळाचं पाणी कशाला हवंय!"