अन्योन्य सहकारी मंडळी (बडोदे)

बडोदे शहरात १८८९ साली मराठी मध्यमवर्गीय लोकांनी काढलेली परस्पर मदतीची पतसंस्था. मार्गदर्शक विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर. भारतातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून बहुतेक ठिकाणी हिचंच नाव येतं. माणसाचा स्वतःचा उद्यम आणि सगळ्यांचं हित यांचा मेळ देशाच्या कारभारात कसा बसवायचा यावर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण तो मेळ प्रत्यक्ष पैशाच्या व्यवहारात बसवून बघण्याचा इतका जुना मराठी प्रयत्न म्हणून ही नोंद जरा सविस्तर घेतली आहे.

नावाची दोन रूपं मिळतात, 'सहकारी' आणि 'सहायकारी'. त्यातलं 'सहायकारी' मूळचं असावं असं वाटतं, कारण 'सहकार' शब्दाचा आजचा कायदेशीर अर्थ १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतरच पक्का झाला. 'अन्योन्य' म्हणजे एकमेकांचं. न्यायशास्त्रात (म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात) अन्योन्याश्रय हा चक्क दोष आहे, म्हणजे पहिली गोष्ट सिद्ध करायला दुसरी लागते आणि दुसरी सिद्ध करायला परत पहिली, पण उधारीच्या व्यवहारात त्याच गोष्टीची पत होते. ज्याच्याकडे सोनं नाही, जमीन नाही, फक्त महिन्याचा पगार आहे त्याला शेजारी जामीन राहतो आणि शेजाऱ्याला गरज पडली की हा राहतो.

आता 'पहिली' या शब्दाचं. मद्रास इलाख्यात 'निधी' नावाच्या बचत-कर्जाच्या संस्था १८८९ च्या आधीपासून होत्या, मद्रास सरकारचा अधिकारी फ्रेडरिक निकल्सन याच्या १८९५ आणि १८९७ च्या अहवालांत त्यांची चर्चा आहे, त्यामुळं काही जण पहिलेपणाचा मान तिकडे देतात. शिवाय १९०४ च्या कायद्याखाली नोंदलेली पहिली नागरी पतसंस्था कांजीवरमची, म्हणजे आजच्या कांचीपुरमची (ऑक्टोबर १९०४), आणि गदगजवळच्या कणगिनहाळची १९०५ ची ग्रामीण संस्था कर्नाटकात पहिली म्हणून सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या इतिहासातसुद्धा बडोद्याच्या मंडळीपुढे 'बहुधा' असा शब्द आहे, आणि तो योग्यच आहे. पण नोंदणीची तारीख आणि कल्पनेची तारीख या वेगळ्या गोष्टी आहेत. निधींपैकी बऱ्याच कंपनी कायद्याच्या चौकटीत वाढल्या, बडोद्याची मंडळी मात्र कोणताही सहकारी कायदा नसताना, फक्त एकमेकांच्या भरवशावर उभी राहिली. म्हणून आम्ही कांजीवरमपेक्षा बडोद्याला झुकतं माप देतो. (ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि न्या. रानडे यांची पुरंदर तालुक्यातल्या शेतकी बँकेची योजना याही आधीची, १८८० च्या दशकातली, पण ती लंडनमध्ये अडली.)

भिशी आणि मंडळी यातला फरक नीट लक्षात घ्यायला हवा. भिशीत सगळ्यांचे नंबर लागून झाले की डबा रिकामा, सामाईक असं काही मागे उरत नाही. मंडळीत राखीव निधी उरतो, आणि तो कुणा एका सभासदाचा नसतो. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९१२ च्या कायद्यानं तर हा हिशेब आकड्यांत बांधून टाकला: मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत एका माणसाकडे एक पंचमांशापेक्षा जास्त भागभांडवल नको आणि भागांमध्ये हजार रुपयांच्या वर हितसंबंध नको, नफ्याचा चौथा हिस्सा आधी राखीव निधीत, मग उरलेल्यातून जास्तीत जास्त दहा टक्के रजिस्ट्रारच्या मंजुरीनं धर्मादाय कामाला. म्हणजे हजार रुपये नफा झाला तर २५० राखीव, आणि बाकीच्या ७५० पैकी ७५ पर्यंत लोकांसाठी देता येतात. पुढे जाऊ इच्छिणाऱ्याला वाव आहे, पण एकट्याला संस्था खिशात घालता येत नाही. बडोदे संस्थान असल्यामुळं हा कायदा तिथं थेट लागू नव्हता, तत्त्व मात्र तेच.

बडोद्यात याच काळात सरकारही लोकहिताला हात घालत होतं, पण वेगळ्या रस्त्यानं. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं, मुलं शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होता. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली, ती संस्थानाच्या पाठबळावर पण भागधारकांची, १९६९ मध्ये ती राष्ट्रीयीकृत झाली. शाळेसाठी सक्ती पटते, कारण मूल स्वतः निर्णय घेऊ शकत नाही. बचत आणि एकमेकांना जामीन राहणं मात्र सक्तीनं जमत नाही, तिथं माणूस आपणहून यायला लागतो आणि या बाबतीत मंडळीचाच रस्ता बरोबर वाटतो.

अर्थात देखरेखीशिवाय भरवसा पुरत नाही. सहकारी बँका १९६६ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली आल्या, तरी २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक अडचणीत आली आणि त्याचा धक्का गुजरातभर बसला. ९७ व्या घटनादुरुस्तीनं सहकारी संस्था काढण्याचा हक्क कलम १९ मध्ये घातला आणि ४३ख कलमात स्वेच्छेनं स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण, व्यावसायिक व्यवस्थापन ही चार तत्त्वं दिली. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं या दुरुस्तीतला राज्यांच्या संस्थांना लागू होणारा भाग रद्द केला, वरची दोन कलमं राहिली. अन्योन्य मंडळीची पुढे बँक झाली होती, ती आता चालू नाही.