ब्रूमबॉल, महाविद्यालयीन हौशी साखळी : नियम व धोरणे

ब्रूमबॉल हा बर्फाच्या रिंकवर, स्केट्स न घालता, साध्या बुटांनी धावत खेळला जाणारा सांघिक खेळ आहे. त्याची चौकट आइस हॉकीची आहे. प्रत्येक संघात गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात, रिंकभोवती फळ्यांचे कुंपण असते आणि दोन टोकांना जाळीचे गोल असतात. पकऐवजी (आइस हॉकीतील रबरी चकतीऐवजी) सुमारे १५ सेंमी. व्यासाचा चेंडू आणि हॉकी स्टिकऐवजी झाडू किंवा झाडूच्या आकाराची काठी वापरतात. गोलाची चौकट आइस हॉकीच्या चौकटीपेक्षा मोठी असून तिची रुंदी सुमारे २.१३ मी. व उंची सुमारे १.५२ मी. असते. हा खेळ कॅनडा व अमेरिकेत रुजलेला आहे, तसेच ऑस्ट्रेलिया, जपान, इटली व स्वित्झर्लंड येथेही खेळला जातो. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने अमेरिकी विद्यापीठांच्या अंतर्गत हौशी साखळी स्पर्धांपुरती आहे. स्केटिंग न येणाऱ्यालाही बर्फावर उतरता यावे हा या साखळ्यांचा हेतू असतो आणि त्यांचे बहुतेक नियम त्यातूनच आले आहेत.

उगम : खेळाच्या उगमाबद्दल एकमत नाही. सर्वाधिक उद्धृत होणारा दाखला कॅनडातील सस्कॅचवन प्रांतातल्या पर्ड्यू या गावाचा असून त्याचे वर्ष सामान्यतः १९०९ दिले जाते. दुसऱ्या मतानुसार विसाव्या शतकाच्या आरंभी टोरांटोतील ट्राम कर्मचारी छोटा फुटबॉल आणि नेहमीचे झाडू घेऊन असा खेळ खेळत. तिसरे मत खेळाला थेट मध्ययुगीन आइसलँडपर्यंत नेते. तेथील सागा-वाङ्मयात (जुन्या गद्य वीरकथांत) ‘क्नात्लेइक्र’ या चेंडू-दांडूच्या खेळाचे उल्लेख येतात. ‘गिस्ला सागा’ व ‘ग्रेटिस सागा’ यांत तो गोठलेल्या पाण्यावर खेळला गेल्याचे सांगितले आहे, तर ‘एगिल सागा’त खेळातल्या भांडणाचे पर्यवसान खुनात होते. मात्र सागा जरी दहाव्या शतकातील घटना सांगत असल्या, तरी त्या बहुतांशी तेराव्या शतकात व त्यानंतर लिहिल्या गेल्या. क्नात्लेइक्रचे नियम त्यांत सलगपणे कोठेही दिलेले नाहीत आणि त्या खेळापासून कॅनडाच्या गवताळ प्रदेशापर्यंत अखंड परंपरा दाखवणारा पुरावाही पुढे आलेला नाही. त्यामुळे या मताला सादृश्यापलीकडे फारसे वजन देता येत नाही. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींचे काठी-चेंडूचे खेळ व ‘शिनी’ नावाची अनौपचारिक हॉकी यांच्याशीही ब्रूमबॉलचे नाते जोडले जाते. ते अधिक संभवनीय वाटते, कारण या खेळांची वस्ती आणि ब्रूमबॉलची वस्ती एकच आहे.

एका गावाला जनकत्व देण्यापेक्षा खेळ अनेक ठिकाणी आपापल्या परीने सुरू झाला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याला लागणारे साहित्य त्या काळी घरोघर उपलब्ध होते. उत्तर अमेरिकेतील घरगुती झाडू ज्वारीच्या एका खास जातीपासून बनत असे. या जातीच्या कणसाच्या काड्या लांब, ताठ व चिवट असतात. तिची लागवड दाण्यांपेक्षा या काड्यांसाठीच होते. काड्यांची जुडी तारेने व दोऱ्याने दांड्याला आवळली की झाडू तयार होतो. बर्फावरून जड दगड लक्ष्याकडे सरकवण्याच्या कर्लिंग या खेळातही बर्फ झाडण्यासाठी असेच झाडू वापरले जात. तळे गोठले, झाडू हाताशी आला आणि एखादा चेंडू मिळाला की खेळ उभा राहत असे. खेळ दक्षिणेकडे सरकून मिनेसोटा राज्यात रुजला तो सामान्यतः १९६० च्या दशकात, असे मानले जाते. कॅनडातील राष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये व आंतरराष्ट्रीय महासंघ १९९८ मध्ये स्थापन झाल्याचे सांगितले जाते.

साखळीची चौकट : अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या आपसातील स्पर्धांना ‘इंट्राम्यूरल’ म्हणतात. मिशिगन विद्यापीठ व ओहायो स्टेट विद्यापीठ यांनी १९१३ मध्ये त्यांसाठी स्वतंत्र विभाग काढले. १९५० मध्ये विल्यम वॉसन यांच्या पुढाकाराने न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड विद्यापीठात अकरा कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे प्रतिनिधी जमले. या बैठकीतून ‘नॅशनल इंट्राम्यूरल असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली आणि पुढे ती ‘निर्सा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गोऱ्यांच्या संस्थांची दारे बंद असताना या मंडळींनी घातलेल्या पायावर आज सर्वच विद्यापीठांचे हौशी क्रीडाविभाग उभे आहेत, याची नोंद क्रीडेतिहासात ठळकपणे व्हायला हवी. फ्लॅग फुटबॉलसारख्या (अमेरिकन फुटबॉलचा, खेळाडूला पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढण्याचा प्रकार) खेळांसाठी या संघटनेची सामायिक नियमावली असते. ब्रूमबॉलचे नियम मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतः लिहिते. त्यामुळे पुढे दिलेल्या तरतुदी सर्वसाधारण स्वरूपाच्या समजाव्यात. एका विद्यापीठात चालते ते दुसऱ्यात चालेलच असे नाही.

मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात आवारातील ‘बाल्ड स्पॉट’ या मैदानावर पाणी सोडून हिवाळ्यात रिंक तयार करतात. मिशिगनच्या उत्तर टोकाला हाउटन येथे असलेल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातही उघड्या रिंकवरील ब्रूमबॉल हा हिवाळी जीवनाचा भाग आहे. १९२२ पासून चालत आलेला विंटर कार्निव्हल याच विद्यापीठाचा. उलट ओहायोतील मायामी विद्यापीठात (ऑक्सफर्ड) ही स्पर्धा गॉगिन आइस सेंटर या बंदिस्त रिंकवर होते.

पादत्राणे : सर्वांत जास्त मतभेद बुटांवरून होतात. अधिकृत स्पर्धांत ब्रूमबॉलसाठी बनवलेले खास बूट वापरतात. त्यांचा तळ जाड, मऊ व सच्छिद्र रबराचा असल्याने बर्फावर पकड मिळते. हौशी साखळीत पुष्कळ विद्यापीठे या बुटांवर बंदी घालतात आणि सर्वांना साध्या खेळाच्या बुटांतच उतरवतात. खास बूट घातलेला एक खेळाडू घसरत धावणाऱ्या पाच जणांना सहज मागे टाकतो. शिवाय वेग वाढला की टकरीचा जोरही वाढतो. काही ठिकाणी असे बूट मान्य आहेत, पण वरच्या गटापुरतेच. खिळ्यांचे बूट व तळाला लावलेली चिकटपट्टी यांना सर्वत्र मनाई असते. बूट स्वच्छ व कोरडे असावेत ही अटही दिसते, कारण तळाला चिकटून आलेली वाळू बर्फात रुतते आणि नंतर त्याच बर्फावर उतरणाऱ्या स्केटरांची पाती बोथट करते.

बर्फाची स्थितीही येथे विचारात घ्यावी लागते. शून्य अंश सेल्सियसच्या जवळपास बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो व रबर त्यावरून घसरते. तापमान बरेच खाली गेले की हा थर क्षीण होतो आणि बूट धरू लागतो. यंत्राने नुकताच पाणी फिरवून गुळगुळीत केलेला बर्फ सर्वांत निसरडा असतो. स्केटच्या पात्यांनी खरवडलेल्या बर्फावर पाय त्यामानाने बरा ठरतो. म्हणूनच थंडीत गारठलेल्या उघड्या रिंकवर खेळणारे खेळाडू बंदिस्त रिंकवर आले की पहिली काही मिनिटे चाचपडतात.

झाडू व संरक्षण : आधुनिक झाडूचा दांडा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा असून टोकाला त्रिकोणी, घट्ट रबरी वा प्लास्टिकचे डोके असते. जुन्या पद्धतीत खरा झाडू घेऊन काड्यांचे टोक छाटतात, उरलेली जुडी दाबून चपटी करतात आणि तिच्यावर कापडी चिकटपट्टीचे वेढे घट्ट बसवतात. वेढे सैल पडले की काड्या फाकतात व चेंडू हवा तिकडे जात नाही. झाडू बहुधा क्रीडाविभागच पुरवतो. स्वतःचा आणल्यास सामन्याआधी पंचांना दाखवावा लागतो. दांड्याला तडा, फाटलेले डोके किंवा उघडी धातूची कड आढळल्यास तो बाद होतो.

हनुवटीखाली पट्टा बांधलेले शिरस्त्राण जवळजवळ सर्वत्र सक्तीचे असते आणि सामना चालू असताना ते निघाले तर खेळाडूला तत्काळ खेळ सोडावा लागतो. बर्फावर बूट पुढे निसटतो, माणूस मागे पडतो आणि डोक्याची मागची बाजू आपटते. हे पडणे इतक्या झटक्यात होते की हात टेकायला अवधी मिळत नाही. चेहऱ्याची जाळी काही ठिकाणी सक्तीची, तर काही ठिकाणी ऐच्छिक आहे. ती सर्वत्र सक्तीची करणे इष्ट ठरेल, कारण झाडूचे टोक व चेंडू दोन्ही तोंडाच्या उंचीवर येऊ शकतात. गुडघ्याच्या व कोपराच्या गाद्या, हातमोजे यांची शिफारस केली जाते. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळाडूला परत घेऊ नये, असे धोरण आता रूढ झाले आहे. रक्त येत असल्यास ते थांबेपर्यंत व डाग लागलेला कपडा बदलेपर्यंत बाहेर बसावे लागते.

खेळाचे नियम : सामना दोन डावांचा असतो. डाव साधारणतः बारा ते अठरा मिनिटांचा असून घड्याळ सलग चालते. रिंकचा वेळ हॉकी व फिगर स्केटिंग यांच्याशी वाटून घ्यावा लागत असल्याने सामने बरेचदा रात्री उशिरा लागतात आणि थांबत्या घड्याळाची चैन परवडत नाही. आरंभ व पुनरारंभ फेस-ऑफने होतो. पंच चेंडू दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये ठेवतो किंवा टाकतो, आणि शिट्टी झाल्यावरच झाडू हलवायचा असतो.

चेंडू पायाने मारता येतो, मात्र पायाने थेट मारून केलेला गोल ग्राह्य धरला जात नाही. लाथाडलेला चेंडू दुसऱ्या कोणाला लागून जाळीत गेला तर काय, याबाबत नियमावल्यांत फरक आहे. काहींच्या मते आक्रमक संघातील खेळाडूच्या झाडूचा स्पर्श झालेला असला तरच गोल धरावा. इतर काही बचाव करणाऱ्याच्या अंगावरून गेलेला चेंडूही मान्य करतात. पहिली पद्धत अधिक सुसंगत दिसते, कारण तिच्यात पंचाला एकच गोष्ट पाहावी लागते. हाताने चेंडू अडवून स्वतःच्या पायाशी टाकता येतो, पण पकडून धरता किंवा सहकाऱ्याकडे ढकलता येत नाही. गोलरक्षकाला गोलासमोर आखलेल्या आपल्या चौकात चेंडू काही सेकंद धरण्याची मुभा असते. त्या चौकात आक्रमकाने उभे राहणे निषिद्ध आहे.

ऑफसाइडचा (चेंडूच्या आधी आक्रमण-क्षेत्रात शिरण्यास मनाई करणारा) नियम अधिकृत ब्रूमबॉलमध्ये आइस हॉकीहून वेगळा आहे. आक्रमकांच्या आधी चेंडूने (हॉकीत पकने) आक्रमण-क्षेत्राच्या सीमेवरची निळी रेषा ओलांडली पाहिजे, एवढे दोन्हींत समान आहे. मात्र ब्रूमबॉलमध्ये चेंडू एकदा आत गेला की आक्रमण-क्षेत्र मागे मध्यरेषेपर्यंत वाढते आणि चेंडू ती मध्यरेषा ओलांडून परत येईपर्यंत ऑफसाइड होत नाही. या तरतुदीला ‘तरती निळी रेषा’ म्हणतात. बुटांवर धावणाऱ्याला स्केटरसारखे क्षणात थांबता व वळता येत नाही, म्हणून ही सवलत दिलेली असावी. हौशी साखळ्यांपैकी अनेकांनी ऑफसाइड व आयसिंग (आपल्या अर्ध्या भागातून चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे मारण्यास मनाई) हे दोन्ही नियम गाळले आहेत. त्यामुळे नवख्या खेळाडूंची सोय होते, परंतु एखादा खेळाडू सतत प्रतिस्पर्ध्याच्या गोलापाशी उभा राहतो आणि खेळ लांब फटक्यांचा होतो.

अंगाने धक्का देणे, फळ्यांवर ढकलणे, पायात झाडू घालणे आणि जाणूनबुजून बर्फावर घसरत जाऊन चेंडू काढणे यांना शिक्षा आहे. झाडू कमरेच्या वर नेऊ नये असे काही विद्यापीठे म्हणतात, तर काही खांद्यापर्यंत सूट देतात. किरकोळ अपराधाला साधारण दोन मिनिटे बाहेर बसवतात व तेवढा वेळ संघ एका खेळाडूने कमी खेळतो. गंभीर अपराधाला पाच मिनिटे किंवा सामन्यातून हकालपट्टी होते, आणि हकालपट्टी झालेल्याला क्रीडाधिकाऱ्याची भेट घेतल्याशिवाय पुन्हा खेळता येत नाही.

पात्रता व शिस्त : चालू सत्रातील विद्यार्थी आणि पुष्कळ ठिकाणी कर्मचारीही खेळू शकतात. रिंकच्या दाराशी ओळखपत्र पाहिले जाते. दुसऱ्याच्या ओळखपत्रावर खेळणे हा मोठा अपराध मानून दोघांवरही कारवाई होते. पुरुष, महिला व मिश्र असे गट असतात. खेळाडू सहसा आपल्या गटातील एक संघ व एक मिश्र संघ यांतच नाव देऊ शकतो. मिश्र संघात स्त्री-पुरुषांचे प्रमाण ठरवून दिलेले असते. अलीकडे अनेक विद्यापीठांनी खेळाडूच्या स्वतःच्या लिंगओळखीनुसार गट निवडण्यास मान्यता दिली आहे. ब्रूमबॉल किंवा हॉकीच्या क्लब संघातील (इतर विद्यापीठांशी खेळणाऱ्या संघातील) किती खेळाडू एका हौशी संघात घेता येतील यालाही मर्यादा असते.

ठरलेल्या वेळी किमान खेळाडू हजर नसल्यास थोड्या वेळाची सवलत देऊन सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल केला जातो, आणि गैरहजर संघाला काही ठिकाणी दंडही भरावा लागतो. प्रत्येक सामन्यानंतर पंच दोन्ही संघांना वर्तनाचे गुण देतात. सरासरी ठरावीक पातळीखाली गेली तर सामने जिंकूनही बाद फेरीत प्रवेश मिळत नाही. मद्यपान करून आलेल्याला, प्रेक्षक असला तरी, बाहेर काढतात. तक्रार केवळ नियमाचा अर्थ किंवा खेळाडूची पात्रता यांबाबत करता येते. पंचाने डोळ्यांनी पाहून दिलेला निर्णय तिच्या कक्षेबाहेर असतो. नियमाबाबतचा आक्षेप कर्णधाराने खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी, तेथल्या तेथे नोंदवावा लागतो.