शाळेतला मानसिक आरोग्याचा तास आला कुठून?

आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर ही तीन नावं एका दमात घेतली जातात ती मनोरुग्णालयांमुळे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तिन्ही ठिकाणांच्या कारभाराची दखल एकत्रच घेतली, त्यांना स्वायत्तता द्या म्हणून सांगितलं. ग्वाल्हेरचं रुग्णालय संस्थानकाळातलं. त्याच्या भिंतीआड काय चालतं हे गावाला ऐकूनच माहीत, आणि शहराच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांतही त्याला सर्रास ‘पागलखाना’च म्हणतात. मुलांच्या मनातला पूर्वग्रह घरातून येतो तो असा.

कायद्याचा इतिहास थोडक्यात. १९१२ च्या कायद्याला रुग्णाला कोंडायचं कसं याचीच फिकीर होती. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये लागू झाला. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत गेले, तेव्हा कुठे देश हादरला. २०१७ च्या कायद्याने (अंमल मे २०१८) जनजागृती करणं आणि मानसिक आजाराला चिकटलेला कलंक कमी करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. शाळेच्या तासाला कायद्याचा आधार मिळाला तो इथे.

पण शिकवायचं काय, यावरचा वाद त्याहून जुना आहे. १९५४ मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलं की वेगवेगळ्या गटांतली माणसं प्रत्यक्ष भेटली की पूर्वग्रह ओसरतो. अटी मात्र होत्या: दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एकत्र करायचं हवं, वरिष्ठांचा पाठिंबा हवा. १९९६ पासून स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराविषयी जागतिक मोहीम निघाली, तिने हे सूत्र काही देशांत वर्गापर्यंत नेलं. आजारातून सावरलेली माणसं मुलांसमोर येऊन बोलू लागली. मग २०१२ मध्ये ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. प्रौढांवर भेटीचा परिणाम जास्त, किशोरांवर मात्र माहिती देण्याचा जास्त, असं त्यात निघालं. झालं! व्याख्यान स्वस्त, पाहुणा शोधायची कटकट नाही, परवानग्या नाहीत. किशोरांच्या बाबतीतही भेटीचा उपयोग दिसला होता, फक्त कमी, हे सोयीस्करपणे मागे पडलं. शिवाय परिणाम बहुतेकदा कार्यक्रम संपल्या संपल्या मोजलेला, सहा महिन्यांनी किती उरला ते फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

ग्वाल्हेरात तर भेटीचा सोपा अर्थ हाताशीच आहे: रुग्णालय गावातच, मुलांची सहल काढा. हे मला साफ चुकीचं वाटतं. गणवेशातली मुलं रांगेने वॉर्डासमोरून जाणार आणि खाटेवरचा माणूस त्यांच्याकडे बघत बसणार, यात सारखा दर्जा कुठला? अशा भेटीने भीती घटण्याऐवजी पक्कीच व्हायची.

२०२० पासून चित्र झपाट्याने बदललं. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायची केंद्राची योजना आली. तिच्या ११ विषयांत भावनिक आणि मानसिक आरोग्य हा एक. त्याच वर्षी जुलैत, टाळेबंदीच्या काळात, विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाचा उपक्रम आला आणि १० ऑक्टोबर २०२२ ला १४४१६ ही हेल्पलाइन. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक त्रास आढळला होता, त्यामुळे या घाईला कारण होतंच. पण तासाचा रोख वळला. ‘गल्लीतल्या त्या माणसाशी कसं वागशील’ हा प्रश्न गेला, ‘तुला परीक्षेचा ताण येतो का’ हा आला. परीक्षेच्या ताणाविषयी मुलांना सहानुभूती आता सहज वाटते. स्वतःशी बडबडणाऱ्या शेजारच्या काकांची नक्कल मात्र मधल्या सुट्टीत चालूच असते.

सावरलेल्या माणसाला वर्गात बोलवायचं तर तो मिळणार कुठून, ही खरी अडचण. लष्कर भागात सगळे एकमेकांना ओळखतात. गणेशोत्सवाच्या मांडवात भेटणारी मंडळीच उद्या स्थळं सुचवणार असतात. बहिणीचं लग्न व्हायचं असेल तर भाऊ शाळेत जाऊन स्वतःच्या आजाराविषयी बोलायला तयार झाला, तरी घरचे त्याला जाऊ देत नाहीत.