फायबरच्या होडीची फासळी का सुटते?

पूर ओसरला की गोदाकाठच्या गावांत बचावाच्या फायबर होड्यांची डागडुजी निघते. तळ पायाखाली लचकतो म्हटलं की सल्ला ठरलेला: "दोन थर आणखी चढवा." जाडी दुप्पट केली की ताठपणा 8 पट होतो, हे खरं, पण वजनही दुप्पट होतं. त्यापेक्षा कमी मालात आतून उंच फासळी, म्हणजे तळाला ताठ ठेवणारी पट्टी, बसवता येते. गाभ्याला फोम किंवा लाकूड, वरून काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला घट्ट करणारं रेझिन. पैठणच्या नाथसागरावर वारा सुटला की लाटा चांगल्याच उठतात, आणि प्रत्येक लाटेला तळ आत-बाहेर होतो. तो वाक ही फासळी रोखते.

मात्र ती तळाला धरून राहिली तरच.

पॉलिएस्टर रेझिन रंगासारखं वाळत नाही. हार्डनर पडला की त्याच्या लांब साखळ्या स्टायरीनच्या रेणूंनी एकमेकींना बांधल्या जातात. थर कोवळा असतानाच पुढचा दिला, तर ही बांधणी दोन्ही थरांत मिळून होते. जुन्या होडीत बांधायला मोकळ्या जागा जवळपास उरलेल्या नसतात. तिथे नवी फासळी नुसती चिकटते. सांध्यातून काचेचा एकही धागा आरपार जात नाही. सगळी भिस्त रेझिनच्या पातळ पापुद्र्यावर. घसटणारा जोर हा पापुद्रा बराच सोसतो. उचकटणारा जोर मात्र एकाच रेषेवर येतो, आणि कोपऱ्यातून सुटलेल्या चिकटपट्टीसारखा सांधा उलगडत जातो. म्हणून काटकोनी कोपरा ठेवायचाच नाही. तिथे आधी पुट्टीची गोलाई द्यायची, मग मॅटचे थर तळावर लांबवर पसरवायचे, प्रत्येकाची कड वेगळ्या जागी संपवायची.

त्याआधी जुन्या थरावरचं मेण काढायचं. हवेतला ऑक्सिजन रेझिनचा पृष्ठभाग चिकट ठेवतो, म्हणून शेवटच्या थरात बऱ्याचदा मेण घातलेलं असतं. ते वर तरंगतं आणि हवा अडवतं. आधी ॲसिटोनने पुसायचं, मगच ग्राइंडर. उलट केलं तर मेण घासून आणखी आत जातं.

होडीपुढे नारळ फोडावा, लिंबू-मिरचीही हौसेने बांधावी. पण मेणावर बसवलेली फासळी त्याने टिकत नाही, आणि "लाइफटाइम" छापलेल्या डब्यातल्या रेझिननेही नाही.

जुनी फासळी तपासायची तर लहान हातोडीने सांध्यावर टिचक्या मारत जा. टणक आवाज येतो तिथे पकड आहे. आवाज बद्द झाला की तिथे थर सुटलाय. तेवढा भाग चांगला थर लागेपर्यंत घासून काढल्याशिवाय वर नवी मॅट लावू नये.