युद्धनौकेवरचे निशाण: जागा, वेळ आणि बदललेले चिन्ह

भारतीय युद्धनौका बंदरात उभी असली की दिवसा तिच्यावर तीन निशाणे दिसतात. नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, आखूड काठीवर जॅक, अगदी मागच्या टोकाला एनसाइन आणि डोलकाठीच्या शेंड्यावर अरुंद, लांबलचक कमिशनिंग पेनंट. जॅक म्हणजे आपला तिरंगाच. एनसाइन हा नौदलाचा ध्वज. पेनंट सांगतो की नौका सेवेत आहे आणि तिच्यावर रीतसर नेमलेला कमांडिंग ऑफिसर आहे. जलावतरणाच्या दिवशी पेनंट लागत नाही. नौका नौदलात दाखल होते त्या दिवशी तो चढतो आणि निवृत्तीपर्यंत रात्रंदिवस तिथेच राहतो. ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्याचा ध्वज त्या नौकेवर लागला, तरच पेनंट त्याला जागा करून देतो.

शेवटचा दोर सुटला किंवा नांगर तळ सोडून उचलला गेला की त्याच क्षणी नाळेवरचा जॅक उतरतो. मागचा एनसाइनही उतरतो, पण त्याआधी डोलकाठीवर दुसरा एनसाइन चढलेला असावा लागतो. मध्ये एक क्षणही नौका बिननिशाणाची दिसता कामा नये. ही जागाबदल शिडाच्या काळातली आहे. मागच्या शिडाचा आडवा वासा नौकेच्या टोकाबाहेर जाई आणि तिथली काठी त्याच्या आड येई. म्हणून समुद्रात निशाण वर, शिडाच्या तिरक्या काठीवर गेले. आज त्याच मागच्या भागात हेलिकॉप्टर उतरते, त्यामुळे जुनी सोय नव्या कारणासाठी तशीच उपयोगी पडते.

बंदरात एनसाइन सकाळी आठ वाजता चढतो आणि सूर्यास्ताला उतरतो. पाच मिनिटे आधी वरिष्ठ नौकेवर तयारीचे संकेतनिशाण लागते आणि बाकीच्या नौका त्याकडे डोळे लावून असतात. आठच्या ठोक्याला शिट्टी होते. डेकवरचा प्रत्येक जण जिथे असेल तिथे मागच्या टोकाकडे तोंड करून सावधान उभा राहतो आणि ‘कॅरी ऑन’ची शिट्टी झाल्यावरच हलतो. निशाण झरझर चढवायचे, संथपणे उतरवायचे. शोकप्रसंगीही ते आधी शेंड्यापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणतात आणि सूर्यास्ताला पुन्हा शेंड्याला टेकवून उतरवतात. इथली नेहमीची चूक म्हणजे थेट अर्ध्यावरच थांबणे.

निशाण उलटे लागू नये याची तजवीज पूर्वीपासून त्याच्या शिवणीतच असे. वरच्या टोकाला लाकडी बोंडी आणि खालच्या दोरीला फास, तर हॅलियार्डवर, म्हणजे निशाण चढवायच्या दोरावर, याच्या बरोबर उलट. उलटे धरले तर फासासमोर फास येतो आणि काही अडकतच नाही. हॅलियार्ड मात्र ताणलेला हवा. तो सैल राहिला की निशाण शेंड्याखाली लोंबते किंवा डोलकाठीला गुंडाळले जाते.

या सगळ्या काटेकोरपणाचे मूळ लढाईत आहे. शिडाच्या काळात निशाण खाली ओढणे म्हणजे शरणागती. म्हणूनच व्यापारी जहाज युद्धनौकेजवळून जाताना आपले निशाण अर्ध्यावर आणून सलामी देते. युद्धनौका आपले खाली आणून पुन्हा चढवते, त्यानंतर जहाज आपले वर नेते. युद्धनौका स्वतःहून आधी निशाण झुकवत नाही.

निशाण उतरवण्याचा हा अर्थ मुंबईने फेब्रुवारी १९४६ मध्ये पाहिला. १८ तारखेला कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेश प्रशिक्षण केंद्रात नौसैनिकांचा संप सुरू झाला. पाठोपाठ बंदरातल्या नौकांवरची ब्रिटिश निशाणे उतरली आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे चढले. घोषणा कितीही दिल्या असत्या तरी वरिष्ठांना जे कळले नसते, ते या कृतीने कळले. नौका आता कोणाचा हुकूम मानते, हेच निशाण सांगते.

उतरलेले ते निशाण होते ‘व्हाइट एनसाइन’: पांढऱ्यावर लाल क्रॉस, कोपऱ्यात युनियन जॅक. ब्रिटनमध्ये १८६४ पर्यंत लाल, पांढरा आणि निळा असे तीन ताफे व तीन एनसाइन होते. त्या वर्षी पांढरा फक्त रॉयल नेव्हीकडे राहिला. रॉयल इंडियन मरीनला, म्हणजे तेव्हाच्या भारतीय नौदलाला, तो १९२८ मध्ये मिळाला. २६ जानेवारी १९५० रोजी कोपऱ्यात तिरंगा आला, क्रॉस मात्र राहिला. तो बदलावा असे व्हाइस ॲडमिरल बार्बोझा यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुचवले होते. तरी बदल झाला १५ ऑगस्ट २००१ रोजी. क्रॉस गेला आणि मधोमध नौदलाचे निळे बोधचिन्ह आले.

ते टिकले नाही. निळे चिन्ह आकाशात आणि पाण्यात मिसळून जाई, लांबून ओळखू येत नसे. निशाण आधी ओळखीची खूण असते आणि मग मानचिन्ह, त्यामुळे ही तक्रार साधी नव्हती. २००४ मध्ये लाल क्रॉस परतला, छेदाच्या जागी भारताच्या राजमुद्रेतील सिंह घेऊन. २०१४ मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आले.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल होताना क्रॉस पुन्हा गेला. आता कोपऱ्यात तिरंगा आहे आणि बाहेरच्या बाजूला सोनेरी काठाचा निळा अष्टकोन. त्यात नांगरावर सिंह आणि ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद. अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे, आणि आठ बाजू म्हणजे आठ दिशा. रंग पुन्हा निळाच, पण या वेळी गडद, भरीव आणि सोन्याच्या कडेने पांढऱ्यावर उठून दिसणारा.