फेअरवे वूड की हायब्रिड? एका निवडीची पार्श्वभूमी

खासबागेचे मैदान आणि शाहू स्टेडियम यांच्या शहरात गोल्फचा गोतावळा तसा छोटाच. तो खेळणारे कोल्हापूरकर पुष्कळदा महामार्गाने बेळगावची किंवा पुण्याची वाट धरतात, आणि गाडीत बॅग ठेवताना ज्या एका जागेवरून त्यांच्यात हमखास वाद रंगतो ती जागा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी, म्हणजे क्लब) आणि मधल्या आयर्नच्या (लोखंडी पात्याच्या क्लबच्या) दरम्यानची असते. साधारण १७० ते २१० यार्डांच्या फटक्यासाठी फेअरवे वूड (रुंद डोक्याचा, पूर्वी लाकडी असलेला क्लब) बाळगावे की हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला, लहान डोक्याचा क्लब), हा तो वाद. दुकानात ही दोन्ही शेजारी शेजारी मांडलेली असल्यामुळे ती एकमेकांची प्रतिस्पर्धी वाटतात. प्रत्यक्षात हायब्रिड वूडला हटवण्यासाठी जन्मलेच नव्हते. त्याने जागा बळकावली ती लांब आयर्नची, म्हणजे लांब फटक्यांच्या कमी नंबरच्या आयर्नची. वूडशी त्याची गाठ पडली ती नंतर, आणि तीही बॅगेत क्लब मोजकेच ठेवता येतात या नियमामुळे.

वूडचे घराणे जुने आहे. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू चामड्याचा असे आणि त्यात पिसे ठासून भरलेली असत. तो महाग होता, शिवाय लोखंडी क्लबच्या धारेने फाटत असे. त्यामुळे लोखंड खाचखळग्यांपुरते राखून बहुतेक फटके लाकडी क्लबने मारले जात. या लाकडी क्लबांत ‘स्पून’ नावाची एक मोठी भावंडेच होती. लांब स्पून, मधला स्पून, आखूड स्पून आणि चेंडू उंच उडवणारा बॅफिंग स्पून अशी त्यांची उतरंड होती, आणि खाली जाऊ तसा फेसचा (चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाचा) कल, म्हणजे लॉफ्ट, वाढत जाई. डोकी बीच किंवा फळझाडांच्या लाकडाची, लांबट नाकाची असत आणि ती दांड्याला तिरक्या जोडाने चिकटवून वर मेणाच्या दोऱ्याने आवळून बांधत. जमिनीवरचा चेंडू टीशिवाय (खाली खुंटी न लावता) उचलून लांब धाडणे हे काम, म्हणजे आजच्या फेअरवे वूडचे काम, तेव्हापासून ठरलेले आहे.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनवलेला टणक चेंडू आला आणि हा तोल बिघडला. चेंडू स्वस्त झाला, पण त्याच्या माराने नाजूक मानेची लाकडी डोकी तडकू लागली. लोखंडाला मात्र हा चेंडू मानवला आणि ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळच्या) फटक्यांतून बॅफिंग स्पून हळूहळू मागे पडला. वूड टिकली ती रूप बदलून. डोकी आखूड व जाड झाली, खडकाळ जमिनीवर झिजू नयेत म्हणून एका वूडच्या तळाला पितळेचा पत्रा बसला आणि ते ‘ब्रासी’ झाले. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या पर्सिमनच्या लाकडाने बाकीची लाकडे मागे टाकली. हे झाड आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या, म्हणजे ज्याची पाने विडीला लागतात त्या तेंदूच्याच प्रजातीतले. विदर्भातल्या जंगलाचा एक दूरचा नातलग अर्धे शतक आणि त्याहून अधिक काळ जगभरच्या गोल्फ बॅगांत मिरवत होता, असे म्हणायला हरकत नाही.

आजच्या पेचाचे खरे मूळ मात्र लाकडात नसून नियमपुस्तकात आहे. एकोणीसशे विसाच्या दशकात हिकरी लाकडाच्या दांड्याची जागा पोलादी शाफ्ट घेऊ लागला. ब्रिटनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ या नियम ठरवणाऱ्या संस्थेने त्याला १९२९ मध्ये मान्यता दिली. पोलादी शाफ्ट एकसारखे बनवता येत असल्यामुळे नंबर घातलेले संच निघाले, आणि प्रत्येक अंतरासाठी वेगळा क्लब बाळगण्याची चटक अशी लागली की काही नामवंत खेळाडू वीसहून अधिक क्लब घेऊन मैदानात उतरू लागले. ओझे अर्थातच कॅडीच्या खांद्यावर. अखेर अमेरिकेने १९३८ मध्ये आणि ‘आर अँड ए’ने १९३९ मध्ये १४ क्लबांची मर्यादा घातली. तेव्हापासून बॅगेत एक क्लब घालायचा तर दुसरा काढावा लागतो. ही मर्यादा नसती तर वूड की हायब्रिड हा प्रश्नच उद्भवला नसता. दोन्ही घेतली असती.

मर्यादा येण्याच्या थोडे आधी, १९३५ मध्ये, ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत जीन साराझेनने फेअरवे वूडच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला फटका मारला. शेवटचे चार होल उरले होते आणि तो क्रेग वूड या खेळाडूच्या तीन फटके मागे होता. पंधराव्या होलवर त्याचा चेंडू सुमारे २३५ यार्डांवर, गवतात जरा खोल बसला होता. तीन नंबरच्या वूडने तो नीट उचलला जाणार नाही असे वाटून त्याने अधिक लॉफ्टचे चार नंबरचे वूड घेतले. चेंडू पाणी ओलांडून थेट होलमध्ये गेला, पाच फटक्यांचा होल दोनांतच संपला, एका फटक्यात तीन फटक्यांची पिछाडी भरून निघाली आणि दुसऱ्या दिवशी ३६ होलच्या निर्णायक लढतीत साराझेन जिंकला. या प्रसंगातली चमत्काराची बाजू वारंवार सांगितली जाते. मला त्यातला आधीचा निर्णय अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अंतर एकच असताना त्याने चेंडू कसा बसला आहे ते पाहून क्लब बदलला.

त्यानंतरच्या चारेक दशकांत मान होता लांब आयर्नला. १९५० च्या यूएस ओपनमध्ये मेरियनच्या अखेरच्या होलवर बेन होगनने, आणि १९७२ मध्ये पेबल बीचच्या सतराव्या होलवर जॅक निकलॉसने एक नंबरच्या आयर्नने मारलेले फटके आजही दाखले म्हणून दिले जातात. पण या क्लबचे पाते पातळ, लॉफ्ट जेमतेम आणि वजनाचा केंद्रबिंदू फेसला चिकटलेला असतो. चेंडू उंच न्यायचा तर हात अतिशय वेगाने फिरावे लागतात आणि फटका नेमका मधोमध बसावा लागतो. एरवी चेंडू खुरडतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा डॉक्टरला हे जमणे कठीण होते. दोन आणि तीन नंबरचे आयर्न वर्षानुवर्षे कोऱ्या फेसनिशी बॅगेत पडून राहत, कारण संचासोबत ती आलेली असत.

पुढचा बदल ओतकामातून आला, आणि तो कोल्हापूरच्या वाचकाला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. गॅरी ॲडम्स या विक्रेत्याने १९७९ मध्ये टेलरमेड ही कंपनी काढून १२ अंशांचा पोकळ पोलादी ड्रायव्हर बाजारात आणला. लोखंडाचाच क्लब, पण नाव वूडच राहिले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत मुख्यत्वे वाळूच्या साच्यात बीड ओतले जाते. गोल्फच्या डोक्यांसाठी वापरतात ती मेणाच्या नमुन्याची पद्धत. आधी डोक्याचा मेणाचा नमुना करायचा, तो सिरॅमिकच्या राबडीत पुन्हा पुन्हा बुडवून कवच चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत स्टेनलेस पोलाद ओतायचे. असे डोके हातात घेऊन वरच्या भागावर टिचकी मारली तर तो पत्रा जवळपास मिलिमीटरभर जाडीचा आहे हे आवाजावरून कळते. उलटे करून तळ चाचपला तर सारे वजन तिथे असते. भरीव लाकडात वजन मधल्या गाभ्यात साठलेले असे. पोकळ पोलादात ते कडांना आणि तळाला नेता आले, त्यामुळे फटका मधून चुकला तरी डोके कमी वळते आणि चेंडू लवकर वर चढतो. फौंड्रीत कास्टिंगचे वजन एका ग्रॅमने इकडचे तिकडे झाले तर कोणी विचारत नाही, इथे मात्र सगळा खेळ त्या ग्रॅमांचा आहे.

हायब्रिडचे पूर्वज याच काळात दिसू लागतात. ऑस्ट्रेलियन गोल्फपटू टॉम क्रो याने स्थापलेल्या कोब्रा कंपनीने १९७५ मध्ये ‘बॅफलर’ काढला. लाकडी डोक्याच्या तळाला पुढून मागे जाणाऱ्या दोन पट्ट्या होत्या, आणि त्या गवतातून घसरत जात असल्यामुळे डोके अडकत नसे. स्टॅन थॉम्पसनच्या ‘जिंटी’ने तळाला होडीच्या तळासारखा कणा दिला. १९९० च्या दशकात ॲडम्स गोल्फचे ‘टाइट लाइज’ आले (संस्थापक बार्नी ॲडम्स, वर उल्लेखिलेल्या गॅरीशी गल्लत नको). बुटक्या डोक्याचे, तळाशी वजन असलेले हे फेअरवे वूड टीव्हीवरच्या लांबलचक जाहिरातींतून प्रचंड खपले. या तिन्हींचा उद्देश एकच होता, तो म्हणजे वाईट जागी पडलेला चेंडू सामान्य खेळाडूलाही उडवता यावा. शतक पालटण्याच्या सुमारास टेलरमेडने ‘रेस्क्यू’ या नावाने वूडचे पोकळ डोके आणखी लहान केले, शाफ्ट आयर्नच्या लांबीजवळ आणला, आणि आज आपण ज्याला हायब्रिड म्हणतो तो क्लब स्थिरावला. अनेक जुने खेळाडू अजूनही त्याला रेस्क्यूच म्हणतात.

प्रतिष्ठा मिळायला आणखी काही वर्षे लागली. सुरुवातीला व्यावसायिक खेळाडू याला म्हाताऱ्यांची काठी समजत. २००४ च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल ट्रून येथे टॉड हॅमिल्टनने एर्नी एल्सला चार होलच्या जादा लढतीत हरवले, आणि शेवटच्या होलवर ग्रीनबाहेरून हायब्रिडनेच चेंडू घरंगळवत होलपाशी आणला. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये हेझलटाइनच्या अखेरच्या होलवर दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने दोनशेहून थोड्या अधिक यार्डांवरून, झाडावरून चेंडू काढत, हायब्रिडने तो झेंड्याजवळ टाकला. समोर टायगर वूड्स होता, जो तिसऱ्या फेरीअखेर आघाडीवर असताना तोवर एकही मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) हरला नव्हता. मेजर जिंकणारा यांग हा पहिला आशियाई पुरुष. त्यानंतर हायब्रिड बाळगण्यात कमीपणा उरला नाही.

लांब आयर्न हटल्यावर मात्र हायब्रिडची कड वूडला लागली आणि दोघांतले फरक बारकाईने पाहणे भाग पडले. पाच नंबरच्या वूडचा लॉफ्ट साधारण १८ अंश, तीन नंबरच्या हायब्रिडचा १९ च्या आसपास, म्हणजे कागदावर दोन्ही सारखीच. पण वूडचा शाफ्ट सुमारे ४२ इंचांचा, तर हायब्रिडचा ४० च्या जवळपास असतो. लांब शाफ्टमुळे डोक्याचा वेग वाढतो आणि खोल डोक्यात केंद्रबिंदू मागे असल्यामुळे चेंडू अधिक उंच चढून अधिक उभ्या कोनात उतरतो, त्यामुळे ग्रीनवर तो लवकर थांबतो. किंमत अशी की रुंद तळाचे हे डोके झाडूसारखे सपाट फिरवावे लागते. हायब्रिडचे डोके अरुंद असते, वरून खाली येणाऱ्या फटक्याला ते साथ देते, आणि दाट गवतात त्याभोवती कमी पाती गुंडाळली जातात. त्याचा दोष असा की शाफ्ट उभा आणि डोके चटकन बंद होणारे असल्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे वळतो. ज्याचा मूळ फटकाच डावीकडे जातो, त्याला हायब्रिड विकणे म्हणजे दुखणे वाढवणे होय, आणि दुकानदार हे क्वचितच सांगतात.

अलीकडे पारडे पुन्हा वूडकडे झुकले आहे. याची चाहूल खरे तर १९७६ मध्येच लागली होती. रेमंड फ्लॉइडने पाच नंबरच्या वूडच्या भरवशावर पार पाचचे (पाच फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेले) होल लुटले आणि एकूण २७१ फटक्यांत मास्टर्स जिंकली. २०२० मध्ये डस्टिन जॉन्सनसारखा ताकदवान खेळाडू सात नंबरचे वूड घेऊन २६८ फटक्यांत तीच स्पर्धा जिंकला, तेव्हा उंच लॉफ्टचे वूड कमजोरांसाठी असते हा समजही गेला. आपल्याकडचे उदाहरण अदिती अशोकचे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. तिचे ड्राइव्ह, म्हणजे होलचे पहिले लांब फटके, इतरांपेक्षा बरेच आखूड होते, आणि इतर जणी आयर्न काढत त्या ठिकाणाहून तिला लांब क्लबने ग्रीन गाठावे लागत होते.

बेळगावचे गोल्फ मैदान २०२२ च्या ऑगस्टमध्ये भलत्याच कारणाने गाजले. तिथे बिबट्या शिरला आणि त्याच्या शोधासाठी हत्ती आणावे लागले. एरवी त्या भागातली तांबडी माती उन्हाळ्यात कडक होते, हरळी विरळ पडते आणि चेंडू उघड्या जमिनीवर बसतो. अशा ठिकाणी रुंद तळाचे वूड जमिनीवर आपटून उसळण्याचा धोका असतो, तर हायब्रिडची पुढची कड चेंडूखाली सहज शिरते. पावसाळा सरल्यावर तीच हरळी दाट होते आणि रफमध्ये (कडेच्या लांब गवतात) पुन्हा हायब्रिडच कामी येते. पुण्यात येरवड्याच्या झाडांनी वेढलेल्या मैदानावर फांद्यांखालून बुटका चेंडू काढायलाही तेच बरे. लवळ्याच्या डोंगराळ मैदानावर मात्र उंच ग्रीनवर चेंडू टाकून थांबवायचा असतो, आणि तिथे सात नंबरच्या वूडची उंची कामाला येते. ज्यांना एकच जागा मोकळी करता येते आणि जे वर्षातले बहुतेक दिवस बेळगावला खेळतात, त्यांनी २२ अंशांचे हायब्रिड ठेवावे, आणि लवळ्याचा बेत ठरला की आदल्या रात्री ते काढून २१ अंशांचे सात नंबरचे वूड बॅगेत घालावे. नियम १४ क्लबांचा आहे तो मैदानावर. घरच्या कपाटात पंधरावा क्लब ठेवायला कोणाची आडकाठी नाही.